पहारीची खाच

ट्रक वळणावर कलला, मागची जाळी सैल झाली आणि समुद्री शेवाळाचा एक वाळका बुडखा सुटून थेट नोल्फाच्या पायाशी येऊन आदळला. भर दुपारी, कोपियापोच्या चौकात, समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर. ट्रक थांबला नाही. हे ट्रक कधीच थांबत नाहीत. वाळवलेला उइरो, म्हणजे हेच शेवाळ, कोंबून भरायचा, वर जाळी टाकायची आणि दळायच्या कारखान्याकडे सुसाट सुटायचं, वाटेत काय सांडलं याची फिकीर कोणाला! मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला तशी ती भानावर आली, वाकली, आणि नारळाएवढा तो काळा, कडक गड्डा उचलून फुटपाथवर चढली. उचलल्याबरोबर तिनं तो उलटा केला. हे ती ठरवून करत नव्हती. किनाऱ्यावर वाढलेलं कोणीही उइरोचा बुडखा हातात आला की आधी तो उलटा करून खालची बाजू बघतं. लाटेनं उपटलेला असेल तर खाली नुसत्या चिंध्या असतात, दगडाचे कण, शिंपल्यांचे तुकडे, आणि मधोमध किड्यांनी पोखरलेली पोकळी. हा तसा नव्हता. हा खालून सपाट होता. कोणीतरी जिवंत झाडाच्या बुडाशी पहार घालून एका दणक्यात खडकापासून सुटा केलेला. आणि त्या सपाट कापावर, डाव्या कडेपासून दोन बोटं आत, एक बारीक उंच रेघ होती. रंध्याच्या पात्याला खाच असली की लाकडावर उमटते तशी.

नोल्फानं त्या रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही रेघ तिला पाठ होती. शाळेच्या सुट्ट्यांत वाळत घातलेल्या शेकडो बुडख्यांवर तिनं ही रेघ बोटानं चाचपली होती. दुसऱ्यांच्या ढिगातून आपला बुडखा ओळखायची ती खूण होती. सेगुन्दो आरायाची पहार, तिच्या बापाची. सेगुन्दोला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याची पहार त्यांच्या गावी, लास लापासच्या किनाऱ्यावर, संत पेद्रोच्या पुतळ्याच्या पायाखाली सिमेंटात गाडलेली होती, बाकीच्या आठ पहारींच्या शेजारी. असं सगळे समजत होते. ती तिथे नाही हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक भर फुटपाथवर उभी राहून दात ओठ खात होती.

तशीच ती कामावर गेली. कवळ्या करायच्या प्रयोगशाळेत तिला एकवीस वर्षं झाली होती. डॉक्टर लोक रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवत, त्यात प्लास्टर ओतायचं, जबडा उभा करायचा. कोण रात्री दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं, कोणाचा सुळा कधीतरी दारूच्या बाटलीवर तुटला, सगळं तिला प्लास्टर सांगायचं. त्या दिवशी तिनं दोन जबडे बाजूला सारले आणि बुडख्याच्या कापावर ठशाची गुलाबी लगदी दाबून धरली. शेजारच्या टेबलावरची मिरेया म्हणाली, "काय गं, आता माशांना कवळ्या बसवणार का? पैसे कोण देणार, देवमासा?" नोल्फा हसली नाही. लगदी निघाली, तिच्यात तिनं प्लास्टर ओतलं, आणि ते घट्ट व्हायची वाट बघत ओल्या हातांनी तशीच बसून राहिली. ठसा निघाला. पांढऱ्या सपाटीवर तीच रेघ, आणि तिच्या टोकाशी एक इवलासा वळसा. खाचेची उजवी कड जरा दुमडलेली होती. तीच. शंकेला जागा उरावी अशी तिची फार इच्छा होती, पण प्लास्टर कोणाची भीड ठेवत नाही.

कोण? हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला तेव्हा उत्तर आधीच तयार होतं: एरास्मो. धाकटा भाऊ, दुसरं कोण! त्याला कुठून तरी ती पहार सापडली असणार. गेल्या वर्षी त्यानं जुनी पिकअप घेतली तेव्हापासून तो निम्म्या किनाऱ्याचा मालक झाल्यासारखा वागत होता. आणि वर पंचांचा प्रमुख! किनाऱ्यावर उइरो उचलायचा हक्क कोणाला, त्या वहीत नावं लिहिणारा, नावं खोडणारा! तिला त्याचा चेहरा दिसायला लागला, गंभीर बोलताना तो खालचा ओठ पुढे काढतो तो, आणि तिला त्या ओठावर प्लास्टर थापावंसं वाटलं. संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं बुडखा टेबलावर ठेवला. चहा निवला. बुडख्याला अजून वास होता, मिठाचा, आयोडिनचा, आणि त्याखाली कुठेतरी कुजलेल्या शिंपल्याचा, आणि त्या वासाबरोबर जे यायला नको ते सगळं आत आलं. बुडखा म्हणजे घर असतं हे तिला बापानं शिकवलं होतं. ओल्या बुडख्याला दोन्ही हातांनी फाकवायचं, की त्याच्या गाठीगाठींतून नखाएवढे खेकडे बाहेर पळायचे, केसासारख्या हातांचे तारामासे, मोहरीएवढ्या गोगलगायी, लाल किडे, एखाद्या चिरेत माशाची चिकट अंडी. पालथं पडून ती तासन्‌तास हे बघायची. ओहोटीला खडकावर उभं राहिलं की खाली सगळा उइरो आडवा पसरलेला असे, तपकिरी, चकचकीत, आणि लाट आली की सगळा एका बाजूला, लाट गेली की सगळा दुसऱ्या बाजूला. बापानं बुडखा कापला की आधी तो पाण्यावर धरून तीनदा झटकायचा. "भाडेकरूंना उतरू दे," म्हणायचा. मग मागे फेकायचा. मागे आई असायची. आई तो झेलायची, खांद्यावर घ्यायची, वरच्या सपाटीवर नेऊन पसरायची, उलटायची, पुन्हा उलटायची, गठ्ठे बांधायची. या सगळ्या आठवणींत बाप समोरून दिसतो आणि आई नेहमी पाठमोरी, हे तिच्या त्या संध्याकाळी पहिल्यांदा लक्षात आलं, पण रागाच्या भरात तिनं ते तसंच सोडून दिलं.

मग ती हावरी वर्षं आली. कुठल्या तरी दूरच्या देशात उइरोची पूड हवीहवीशी झाली, आइस्क्रीमपासून रंगापर्यंत कशातही घालायला, आणि ट्रक आठवड्याला यायचे ते रोज यायला लागले. पंपावर काम करणारे, खाणीतून काढलेले, सगळे पहारी घेऊन किनाऱ्यावर उतरले. शेजारची दोन आखातं त्यांनी सोलून काढली. अक्षरशः सोलून, खडक उघडे पडले, गुलाबी पांढरे, आणि त्यावर काटेरी समुद्री गोळ्यांशिवाय दुसरं काही दिसेना. खडकाला चिकटणाऱ्या लापा शिंपल्या गेल्या, मासे गेले, आणि लाटेबरोबर वाहून येणारा उइरोसुद्धा थांबला, कारण वाहून यायला मागे काही राहायला तर हवं! तेव्हा लास लापासच्या नऊ घरांनी ठरवलं की आपल्या आखातात पहार बंद. समुद्र जे टाकेल तेवढंच उचलायचं. आणि नुसतं ठरवून भागणार नाही हे ते स्वतःला ओळखत असल्यामुळे त्यांनी संत पेद्रोचा नवा चबुतरा बांधायला काढला, ओल्या सिमेंटात प्रत्येक घराच्या पुरुषानं आपल्या घराची पहार टोकाकडून आत खुपसली आणि संताच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. नऊ पहारी, नऊ पुरुष, वहीत नऊ नावं. आजही त्या पहारींचे बूड वीतभर वर दिसतात, गंजलेले, आणि बायका त्यांच्यावर फडकी वाळत घालतात.

आरायांच्या घराची पहार एरास्मोनं खुपसली. बापाला जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. पहार आणून द्यायचं काम नोल्फाकडे होतं, आणि तिला ते जमलं नाही. पहारीच्या मुठीला बापानं सायकलची ट्यूब गुंडाळली होती, आणि त्या रबरावर त्याच्या बोटांचे चार खळगे पडले होते. तिनं त्यात आपली बोटं ठेवून बघितली, आणि संपलं. हे सिमेंटात? तिनं कोपियापोच्या भंगारवाल्याकडून दुसरी पहार आणली, तिला तशीच ट्यूब गुंडाळली, पात्याकडची बाजू बापाच्या स्वेटरात बांधली, आणि रडणाऱ्या एरास्मोनं ती स्वेटरासकट आत घातली. सगळे म्हणाले, किती शोभून दिसलं. खरी पहार तिनं आईच्या मोरीमागे, फळ्यांच्या खाली लपवली. ती परत आली तेव्हा आई दारात उभी होती. आईनं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला शहरात घेऊन जाऊ, असं तिनं ठरवलं होतं, पण शहरातल्या एका खोलीत पहार ठेवायची कुठे, आणि खरं तर ती समुद्राच्या कानावर राहिलेली बरी, असले लाडिक विचार. सहा वर्षं ते विचार तिला गोड वाटत आले होते. आता त्यांची तिला शिसारी आली.

शुक्रवारी एरास्मोचाच फोन आला.

"ताई, रविवारी येतेस का? अकरा वाजता बैठक आहे. आईला जरा सोबत होईल, आरडाओरडा व्हायची शक्यता आहे."

"कसला आरडाओरडा?"

"बाउदिलियोला काढतोय. वहीतनं नाव खोडणार. दोन महिने झाले, दक्षिणेच्या खडकावर कोणीतरी पहार चालवतंय. आता त्याच्या झोपडीमागे ओला गठ्ठा सापडला. ताजा कापलेला."

बाउदिलियो हा दक्षिणेतून आलेला माणूस. बारा वर्षांपूर्वी आला, एका निपुत्रिक म्हाताऱ्याची जागा त्याला मिळाली, वहीत नाव चढलं, तरी अजून सगळे त्याला 'पावसाळ्या' म्हणतात, कारण तो बोलतो पावसाबद्दल आणि या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही.

"तो काय म्हणतो?" नोल्फानं विचारलं.

"म्हणतो, मी नाही. मग कोण, विचारलं, तर गप्प. अगं, गप्प म्हणजे तोच की! आपल्यातलं कोण करेल? आपल्या बापांच्या पहारी संताच्या पायाशी आहेत. त्याच्या एकट्याच्याच बापाची नाही."

तिच्या तोंडाशी शब्द आले होते, चोर तू आहेस, बापाची पहार चोरलीस आणि आता गरिबाच्या गळ्यात बांधतोयस. पण त्याचा आवाज इतका सरळ होता, इतका नीतिमान, की तिला तो खोटा म्हणवेना, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. "येते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. बुडखा आणि प्लास्टरचा ठसा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला.

शनिवारच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळ्या वाटेवर मनातल्या मनात भांडत राहिली. वाळवंट संपून धुकं सुरू झालं तरी तिचं भांडण संपलं नाही. प्रत्येक वेळी एरास्मो तिच्यापुढे हरत होता, गुडघे टेकत होता, आणि प्रत्येक वेळी ते दृश्य पुरेसं वाटत नव्हतं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मधेच एक भलतीच शंका येऊन जाई: त्यानं विचारलं, पहार मोरीमागे होतीच कशी, तर? मग ती घाईघाईनं दुसरं वाक्य उकरून काढी. फाट्यावर उतरून ती चालत खाली आली. आखात ओहोटीत होतं. दक्षिणेच्या खडकावर, लांबूनही दिसावेत असे, पांढुरके चट्टे होते, सतराअठरा, अगदी ओळीनं. त्यांच्यामध्ये अंतर राखलेलं होतं. ज्यानं कोणी कापलं होतं त्यानं एक सोडून एक कापलं होतं, मोठं तेवढंच घेऊन लहान ठेवलं होतं, जुन्या लोकांच्या पद्धतीनं. तिला ते दिसलं आणि ती थबकली. एरास्मोला ही पद्धत येत नव्हती. एरास्मो कापायच्या वयाचा झाला तेव्हा हावरी वर्षं सुरू झाली होती; तो सरसकट सोलायला शिकला होता.

घरात आई नव्हती. नोल्फा सरळ मोरीमागे गेली, फळ्या उचलल्या. पहार होती. जागेवर होती, पण ओली होती. पात्यावर नव्या धारेची चमक होती, खाच तशीच, आणि मुठीच्या ट्यूबवर, बापाच्या बोटांच्या खळग्यांवरून, जुन्या झग्याची असावी अशी निळ्या फुलांची चिंधी घट्ट बांधलेली होती. बारीक हाताला पकड यावी म्हणून. तो झगा नोल्फानंच आईला नाताळात आणून दिला होता.

ती तिथेच मोरीच्या कठड्यावर बसली. इतका वेळ जमवलेला राग एका माणसासाठी मापून शिवलेला होता आणि आता तो कोणाला होईना. आई एकाहत्तर वर्षांची. आईची बोटं सांध्यांतून वाकडी झालेली. ही बाई पहाटेच्या ओहोटीला, त्या शेवाळलेल्या खडकावर, कमरेइतक्या लाटेत? पाय घसरला असता तर? कोणाला कळलंही नसतं. आणि मग, ही भीती नीट उमटायच्या आतच, पुन्हा संताप. कशासाठी? काय कमी होतं हिला?

आई आली ती डोक्यावर पाव आणि कांद्यांची पिशवी घेऊन. फळ्या उचललेल्या तिनं बघितल्या. पिशवी ठेवली, चहाचं आधण चढवलं.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"आई, हे काय आहे?"

"पहार आहे. तूच ठेवलीस."

"मी कापायला ठेवली होती?"

"मग कशाला ठेवली होतीस? पूजेला? लोखंड आहे ते. पडून राहिलं की गंजतं."

"आई, सगळ्यांनी शपथ घेतली होती!"

"सगळ्यांनी?" आई वळली. तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज रागात खाली जातो. "नऊ जणांनी. मी तिथेच उभी होते, सिमेंटला पाणी आणून देत. मला कोणी विचारलं? चाळीस वर्षं हा किनारा मी खांद्यावरनं वाहिलाय. मला कोणी म्हणालं, ये ओतिलिया, तूही हात ठेव?"

"पण समुद्र टाकतो तेवढं उचलायचं ठरलंय ना. तू का नाही उचलत?"

"उचलते की! तुझ्या भावाची पिकअप निघून गेली की जे उरतं ते उचलते. लाट फुगली की पहाटे चारला दिवे लावून सगळे पळत सुटतात, उइरो ओढायचे आकडे घेऊन. मी हातगाडी ढकलत पोचेपर्यंत वाळूवर पाल्याचा चुरा उरतो. एरास्मो पिठाची गोणी आणून टाकतो दारात. म्हणतो, आई तू बस. कुठे बसू? मला दिलेलं खायचं नाही गं, मला माझ्या हातचं खायचंय. इतकं साधं आहे."

नोल्फाला या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि तसं ती करणारही होती, पण मधे बाउदिलियो उभा होता.

"आणि त्या माणसाला उद्या काढणार आहेत, ते?"

आईनं चहात साखर घातली, ढवळली. बराच वेळ ढवळली. "त्यानं मला दोनदा बघितलं. काही बोलला नाही. दुसऱ्या वेळी माझी कंबर धरली होती, तर गठ्ठा उचलून वर नेला. म्हणाला, मावशी, उजाडायच्या आत वाळवायला घालीन. तोच सापडला यांना."

"म्हणजे तुझ्यासाठी तो गप्प बसलाय! आणि तू?"

"तो दक्षिणेचा आहे. त्याला जायला गाव आहे, तिथे पाऊस आहे, बहीण आहे. मला कुठलं गाव आहे?"

हे वाक्य आईच्या तोंडून आलं, त्याच तोंडून ज्यानं लहानपणी दुसऱ्याच्या ढिगातला एक दांडा चुकून आला तरी तिला परत पाठवलं होतं. नोल्फाच्या हातात कप होता. तो तिनं इतक्या जोरात ठेवला की कान तुटला. तिला आई किळसवाणी वाटली, आणि किळसवाणी वाटली म्हणून स्वतः वाटली, आणि एरास्मो वाटला, आणि बाहेर किनाऱ्यावर पाठ करून उभा असलेला तो प्लास्टिकच्या फुलांतला संतसुद्धा. कोणाचा हात स्वच्छ होता? पहार तिनं ठेवली. तिनं कवटाळायला ठेवली, आईनं वापरली, भावानं आईला खडकावर ढकललं आणि तिघांचं मिळून जे ओझं झालं ते एका परक्या माणसाच्या झोपडीमागे जाऊन पडलं. रात्री त्या एकाच खोलीत एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

रविवारी अकरा वाजता धुकं उठलं होतं. संताच्या चबुतऱ्यापुढे वाळूवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, एका खोक्यावर वही होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे वाळवणाच्या कडेला. बाउदिलियो मधोमध उभा होता, लोकरी टोपी दोन्ही हातांत धरून, आणि त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. एरास्मोनं खालचा ओठ पुढे काढून शपथ वाचून दाखवली. मग गठ्ठा कुठे सापडला ते. मग, "बोलायचंय काही?"

"मी कापला नाही," बाउदिलियो म्हणाला.

"मग कोणी कापला?"

त्यानं टोपी फिरवली. मागे वाळवणापाशी आई पालथ्या टोपलीवर बसली होती आणि समुद्राकडे बघत होती. नोल्फानं तिच्याकडे बघितलं, एकदा, पुरेसा वेळ देऊन. आईनं मान वळवली नाही. तेव्हा नोल्फा पुढे गेली, खोक्यावरची वही बाजूला केली, आणि टॉवेल सोडला. बुडखा ठेवला. प्लास्टर ठेवलं. मग दोन्ही हातांनी पहार.

"ही आमच्या बापाची पहार," ती म्हणाली.

एरास्मो हसला, घाबरून. "ताई, ती तिकडे आहे." त्यानं चबुतऱ्याकडे बोट केलं. "मी स्वतः घातली."

"तू भंगार घातलंस. मी आणून दिलं. ही मी लपवली होती. बघ, रेघ बघ. या ठशात खाच बसते की नाही ते बघ." ती ओरडत होती हे तिला आपल्याच कानांनी कळलं. "याला कशाला उभं केलंय? हा बुडखा माझ्या पायाशी पडला, कोपियापोच्या चौकात! कापणारे आम्ही आराया. खोडा आमचं नाव."

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे कापलं कोणी? नेमकं?"

एरास्मोचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मुठीवरची निळ्या फुलांची चिंधी त्यानं बघितली होती. नोल्फानं श्वास घेतला.

"मी," ती म्हणाली.

पहिल्यांदा कोणीतरी खोकल्यासारखं हसलं, मग दोघं तिघं. म्हातारा म्हणाला, "हात दाखव, पोरी." तिनं दाखवले. पांढरे, मऊ, नखांच्या कडांना प्लास्टर.

"हिला पहार धरता तरी येते का!"

हे मागून आलं. आई टोपलीवरून उठली होती. ती वाळवणाच्या मधून चालत आली, कोणाच्या उइरोवर पाय पडतोय याची पर्वा न करता, आणि खोक्यापाशी आल्यावर तिनं बुडखा उचलून उलटा केला आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"एका दणक्यात सुटलाय. बघितलंस? दुसरा घाव नाही. हे शहरातल्या बाईचं काम आहे? तुझ्या तरी बापाला जमलं असतं का?" मग ती नोल्फाकडे वळली. तिच्या डोळ्यांत माया नव्हती. अपमान होता, आपलं काम दुसरीच्या नावावर जाताना झालेला. "आणि खाच खाच काय लावलंयस? ती खाच कोणाची, ठाऊक आहे? तुझ्या बापाच्या बरगड्या मोडल्या होत्या तो हिवाळा. तुला कोपियापोच्या शाळेत धाडलं तो. चार महिने तो खाटेवर होता. ट्रक भरून जातच होता ना? तुझी फी जातच होती ना? कोण कापत होतं असं वाटलं तुला, संत पेद्रो? जुन्या धक्क्याच्या लोखंडी कडीवर बसला घाव. माझा. तो आयुष्यभर सांगत फिरला, माझ्या हातनं पडली. मी सांगू दिलं."

नोल्फाला तो हिवाळा आठवला. वसतिगृहाची खोली, घरून आलेली पत्रं बापाच्या अक्षरात, सगळं ठीक आहे, उइरो चांगला निघतोय. कोण काढतोय, हे तिनं कधीच विचारलं नव्हतं.

"या माणसाला बसायला द्या आधी," आई म्हणाली. "तासभर उभा आहे. त्यानं माझा गठ्ठा उचलला, बाकी काही केलं नाही. हे मी काल सांगायला हवं होतं. मी सांगणार नव्हते." कोणीतरी खुर्ची सरकवली. बाउदिलियो बसला नाही. टोपी डोक्यावर घालून तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

एरास्मो अजून पहारीकडे बघत होता. "आई," तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे. मला... मला नाव खोडावं लागेल."

"खोड की."

त्यानं वही ओढली, पान उघडलं. नऊ नावं. त्याचं बोट वरून खाली गेलं, मग खालून वर. आरायांच्या ओळीत आधी सेगुन्दो होतं, त्यावर रेघ, आणि पुढे त्यानं स्वतः लिहिलेलं एरास्मो.

आई वाट बघत होती. तिनं चिंधीची गाठ दातानं सोडवली, चिंधी झग्याच्या खिशात घातली आणि पहार उभी धरली.

"नाहीये ना?" ती म्हणाली. "मग आधी लिही. ओतिलिया. लिहून झालं की खोड."

एरास्मोनं पेन उचललं. नोल्फा त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि तो लिहीपर्यंत तिथून हलली नाही.